तोंड येण्याआधीच आहारतज्ज्ञांना गाठावे : पुण्यातील एका कर्करोग विभागाच्या आहारसल्ला सेवेविषयी

माझ्या आईच्या गालाच्या आतील कर्करोगावर पुण्यातील एका धर्मादाय रुग्णालयात उपचार झाले आणि त्या संपूर्ण काळात तेथील आहारसल्ला विभागाचा आम्ही आधार घेतला. शस्त्रक्रिया, केमोथेरपी, किरणोपचार यांविषयी मराठीत आता पुष्कळ लिहिले जाते. आहारतज्ज्ञ प्रत्यक्षात काय करतात, त्यांच्याकडे केव्हा जावे आणि त्यांच्याकडून कशाची अपेक्षा ठेवावी, याविषयी मात्र फारसे वाचायला मिळत नाही, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. सेवेत ज्या उणिवा जाणवल्या त्याही खाली नोंदवल्या आहेत, त्यामुळे रुग्णालयाचे नाव देणे टाळले आहे. माझे मत आधीच सांगते : सल्ला देणाऱ्या आहारतज्ज्ञांना पूर्ण गुण, त्यांच्याभोवतीच्या व्यवस्थेला निम्मे.

आई सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यातली. लग्नाआधीपासून मिशरी लावायची, आणि आमच्या भागात तिच्या वयाच्या बायकांमध्ये ही सवय इतकी सरसकट आहे की तिला कोणी व्यसन म्हणतच नाही. गालात बरी न होणारी जखम दिसली, तपासणीत कर्करोग निघाला आणि शस्त्रक्रियेनंतर किरणोपचार ठरले : आठवड्यातून पाच दिवस, सहा आठवडे, एकूण ६० ग्रे (ग्रे म्हणजे किरणांची मात्रा मोजण्याचे एकक), आणि त्याच्या जोडीला दर आठवड्याला सिसप्लॅटिन हे केमोचे औषध. तोंडाच्या कर्करोगात ही पद्धत नेहमीची आहे. या उपचाराची अडचण अशी की ज्या अवयवाने खायचे त्याच अवयवावर किरण पडतात. साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तोंडातील आवरण सोलवटू लागते, लाळ घट्ट आणि चिकट होते, चव जाते, आणि नेमक्या त्याच काळात शरीराला जखम भरण्यासाठी जास्त अन्न हवे असते.

वजन उतरले तर केवळ अशक्तपणा येतो असे नाही, हे मला पहिल्याच भेटीत कळले. किरणोपचारासाठी चेहऱ्याच्या मापाचा प्लॅस्टिकचा जाळीदार मास्क बनवतात आणि तो घालून रुग्णाला टेबलावर जखडतात, म्हणजे किरण रोज त्याच जागी पडतात. चेहरा आणि मान वाळली की मास्क सैल होतो, आणि मग कधी नवा मास्क, नवे स्कॅन, नवे नियोजन करावे लागते. उपचारात खंड पडणे डोक्या-मानेच्या कर्करोगात विशेष हानिकारक मानले जाते, कारण मधल्या दिवसांत उरलेल्या पेशींना वाढायला वाव मिळतो. तेव्हा आहारतज्ज्ञांचे पहिले काम उपचार ठरल्या वेळेत पूर्ण होऊ देणे हे आहे. ‘ताकद येईल असे काहीतरी सांगा’ एवढ्या अपेक्षेने त्यांच्याकडे जाणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

पहिली भेट चांगली पाऊण तास चालली. पाचशे रुपये शुल्क होते आणि त्यानंतरच्या भेटींना किरणोपचाराच्या दिवसांत वेगळे पैसे पडले नाहीत. आहारतज्ज्ञ बाईंनी आधी आईला वजनकाट्यावर उभे केले आणि सहा महिन्यांपूर्वीचे वजन विचारले. ते ५४ किलो होते, आता ५० भरले. सहा महिन्यांत ५ टक्क्यांहून अधिक घट ही धोक्याची खूण समजली जाते, आणि आईची घट त्याच्या पुढे गेली होती, म्हणजे किरणोपचार सुरू होण्याआधीच आम्ही मागे होतो. मग तोंड किती उघडते ते त्यांनी बोटांच्या मापाने पाहिले : शस्त्रक्रियेनंतर जेमतेम दोन बोटे. दात किती उरले, शौचाला साफ होते का, गिळताना ठसका लागतो का, रक्ताचे अहवाल काय सांगतात, हे सारे विचारून झाल्यावर त्यांनी जो प्रश्न विचारला तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. त्या म्हणाल्या, “आजी, तुमचा स्वयंपाक कोण करतं, आणि कुठे?”

या प्रश्नाशिवाय दिलेला आहारतक्ता निरुपयोगी असतो. आई माझ्याकडे राहत होती, गॅस होता, मिक्सर होता, फ्रिज होता. विदर्भ-मराठवाड्यातून परळच्या टाटा मेमोरियलला जाणाऱ्या कितीतरी कुटुंबांकडे यातले काहीच नसते. कोणी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरते, कोणी नातेवाइकांच्या एका खोलीत राहते, कोणाला पदपथावर दिवस काढावे लागतात. अशा घरातील माणसाला ‘दर दोन तासांनी ताजे मिश्रण करून द्या’ असे सांगून भागत नाही. त्यांना सातूचे किंवा भाजलेल्या डाळ्याचे पीठ, दूध पावडर, केळी, शेंगदाण्याचा बारीक कूट असे चुलीशिवाय कालवता येणारे काहीतरी सांगावे लागते. तुमच्या आहारतज्ज्ञांनी हा प्रश्न विचारला नाही, तर तुम्ही होऊन सांगा.

त्यानंतर त्यांनी हिशेब मांडला, आणि मला या सेवेतील खरे कौशल्य तेथे दिसले. कर्करोगाच्या रुग्णाला सर्वसाधारणपणे दर किलो वजनामागे दिवसाला २५ ते ३० कॅलरी लागतात, आणि प्रथिने दर किलोमागे १ ग्रॅमच्या वर, शक्य झाल्यास १.५ ग्रॅमपर्यंत द्यावीत, असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूत्र आहे. आईसाठी त्यांनी दिवसाला १५०० कॅलरी आणि ६५ ग्रॅम प्रथिने हे उद्दिष्ट ठरवले. आई माळकरी, म्हणजे अंडीही वर्ज्य. माझ्या मनात आले की आता एखाद्या महागड्या डब्याचे नाव पुढे येणार. तसे झाले नाही. पाऊण लिटर दूध म्हणजे सुमारे २४ ग्रॅम, ३० ग्रॅम दूध पावडर म्हणजे १०, ६० ग्रॅम मूगडाळ म्हणजे १४, ५० ग्रॅम पनीर म्हणजे ९, आणि तांदूळ, नाचणी, रवा मिळून १२० ग्रॅम धान्यातून आणखी १०; चार चमचे तूप घातले की कॅलरीही जुळल्या. हे त्यांनी आईच्या समोर, कागदावर, मराठीत लिहून दाखवले. आपण रोज जे खातो त्यातूनच हे होणार आहे, हे पाहून आईचा चेहरा मोकळा झाला.

तयार पावडरींविषयी त्यांचे मत मला संतुलित वाटले. औषधांच्या दुकानात मिळणारी पूरक पावडर सोपी असते, तिच्यातील घटक मोजून दिलेले असतात आणि नळीतून देताना ती अडकत नाही. मात्र डबा चार-पाच दिवसांत संपतो आणि महिन्याचा खर्च हजारांत जातो. घरचे अन्न ठरल्याप्रमाणे पोटात जात असेल तर तिची सक्ती नाही, आणि जात नसेल तर ती औषधासारखी वेळेवर घ्यावी, असे त्यांनी सांगितले. रुग्णालयाच्या औषध दुकानात मात्र आमच्या हातात चिठ्ठी नसतानाही एका ठरावीक कंपनीचा डबा पुढे करण्यात आला. आहारतज्ज्ञांनी लिहून दिल्याशिवाय तो घेऊ नये. मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर पावडरीचा प्रकारच वेगळा लागतो.

आता प्रत्यक्ष खाण्याविषयी, कारण वाचकांना उपयोग त्याचा होईल. सुरुवातीच्या दिवसांत तोंड ठीक असताना त्यांनी आईला पोटभर, नेहमीचे, फक्त अधिक कसदार जेवण दिले : दूध पावडर मिसळलेले दूध, वरणभातावर दुप्पट तूप, दुधात भिजवून कुस्करलेली भाकरी, घट्ट साईचे दही. येणाऱ्या वाईट दिवसांसाठी शक्य तितकी शिल्लक साठवायची, हा त्यामागचा विचार. अनेक घरांत नेमके उलटे होते. आजारपण म्हटले की आपल्याकडे मूगाचे पातळ पाणी, तांदळाची पेज आणि साबुदाण्याची खीर सुरू होते. पेजेत पाणीच जास्त, आणि साबुदाण्यात प्रथिने जवळजवळ नसतात. पोट भरल्याचे समाधान मिळते आणि वजन उतरत राहते. त्यांनी पेज बंद केली नाही, पण तिच्यात शिजवून घोटलेली मूगडाळ, दूध पावडर आणि तूप घालायला लावले. तीच वाटी, तेवढेच घोट, आणि कस दुपटीहून अधिक.

नाचणीची युक्ती तर प्रत्येक घराने शिकून घ्यावी अशी आहे. पीठ शिजले की फुगते आणि घट्ट होते. पातळ करायला पाणी घातले की कस कमी होतो. त्यावर उपाय म्हणजे मोड आणलेल्या धान्याचे पीठ. नाचणी रात्रभर भिजवून, मोड आणून, सावलीत वाळवून, मंद आचेवर रंग बदलू न देता शेकून दळायची. मोड येताना धान्यात पिष्ट पदार्थ तोडणारे विकर (एन्झाइम) तयार होते. नेहमीची लापशी जाडसर शिजवून थोडी निवल्यावर त्यात चमचाभर हे पीठ घालून ढवळले की ती पाहता पाहता सैल होते, मग तिला पुन्हा एक उकळी द्यायची. अशा रीतीने पेल्यात पीठ जास्त मावते आणि तरी ते पिता येते. शेकताना आच मोठी ठेवली तर विकर नष्ट होते आणि पीठ काम करीत नाही. बाजारातील तयार पिठाचा म्हणूनच भरवसा नसतो. आमच्या आज्या बाळाला हेच भरवत, आणि बालआहाराच्या अभ्यासकांनीही या पिठाचा पुष्कळ अभ्यास केला आहे.

तिसऱ्या आठवड्यात तोंड आले. तेव्हापासून दर सोमवारी वजन आणि दर भेटीत आहारात बदल असा क्रम सुरू झाला, आणि एकदाच तक्ता घेऊन परत जाणाऱ्यांच्या हाती जे लागत नाही ते हेच. आंबट, तिखट, खारट, कुरकुरीत, कडक गरम असे सारे बंद झाले. कोकमाचे सार आणि लिंबू, जे केमोच्या मळमळीवर पहिल्या आठवड्यात उपयोगी पडले होते, तेही आता झोंबू लागले. अन्न कोमट किंवा थंड द्यायचे. खाण्याआधी गुळण्या करायच्या : एक लिटर उकळून निवालेल्या पाण्यात एक लहान चमचा मीठ आणि एक लहान चमचा खाण्याचा सोडा. त्याने चिकट लाळ सुटते. डॉक्टरांनी दिलेले बधिर करणारे औषध आणि वेदनाशामक जेवणाआधी अर्धा तास घ्यायचे, म्हणजे जेवणाची वेळ वेदना कमी असतानाची पडते. वेदनाशामक आणि उलटीवरचे ऑनडॅनसेट्रॉन या दोहोंनी बद्धकोष्ठ होते. त्यावर भिजवलेल्या मनुकांचे पाणी आणि डॉक्टरांचे औषध चालले, पण इसबगोल त्यांनी देऊ दिले नाही, कारण पाणी पुरेसे जात नसताना इसबगोल आतड्यात घट्ट बसू शकते.

गोडाचा कंटाळा ही गोष्ट फार थोडे लोक बोलून दाखवतात. मऊ आणि पातळ म्हटले की खीर, शिरा, दूध, आइस्क्रीम असे सगळे गोडच समोर येते, आणि चव बिघडलेल्या माणसाला त्याची शिसारी येते. आईला तर घास धातूसारखा लागे. बाईंनी स्टीलऐवजी लाकडी चमचा वापरायला सांगितले आणि अगदी किंचित मिठाच्या पातळ, मऊ, बिनतिखट पदार्थांची यादी आईच्याच तोंडून वदवून घेतली. जिरे-तुपाची फोडणी गाळून घातलेले मुगाचे कढण, दुधी भोपळा आणि पनीर एकत्र वाटून केलेले सूप, ताजे आणि बिनआंबट दही भातात घोटून, भरपूर तुपाची आसट खिचडी मिक्सरमधून काढून. आईला मेतकूट-भात हवा होता; मेतकुटात तिखट आणि मोहरी असते म्हणून मी नाही म्हणत होते. बाईंनी उडीद-हरभऱ्याची डाळ, गहू आणि जिरे भाजून बिनतिखटाचे, वस्त्रगाळ मेतकूट करायला सुचवले. त्या आठवड्यात आईने जे आवडीने खाल्ले ते तेवढेच.

याच काळात आषाढी एकादशी आली. आई गेली कित्येक वर्षे एकादशी करते, आणि आजारात ती सोडायला सांगितले असते तर तिने आहारतज्ज्ञांचे पुढचे काहीच ऐकले नसते. बाईंनी उपवास मोडायला सांगितले नाही. उपवासाला काय चालते एवढे विचारले, आणि त्यातूनच दिवस बांधला : राजगिऱ्याच्या पिठाची दुधातली लापशी, वरईचा मऊ भात, शेंगदाण्याची वाटून गाळलेली बिनतिखट आमटी, पनीर घातलेले दूध. राजगिऱ्यात शंभर ग्रॅमला १३-१४ ग्रॅम प्रथिने असतात, म्हणजे तांदळापेक्षा बरीच जास्त. साबुदाणा मात्र त्यांनी त्या दिवसापुरता वगळला. निर्जळी करायची नाही, एवढीच अट घातली, कारण सिसप्लॅटिन मूत्रपिंडावर ताण आणते आणि त्या औषधावर असताना पाणी कमी पडू देणे धोक्याचे असते. आईने ती अट मान्य केली. माणसाच्या श्रद्धेचा मान राखून त्याच्या पोटात अन्न कसे घालावे, हे मी त्या दिवशी पाहिले, आणि आहारतज्ज्ञांना मी पूर्ण गुण देते ते मुख्यतः यासाठी.

नातेवाईक आणि शेजारी यांचे सल्ले हा प्रत्येक कर्करोगी घराचा अनुभव असतो. साखरेने गाठ वाढते म्हणून गोड पूर्ण बंद करा, दूध बंद करा, गव्हांकुराचा रस द्या, लक्ष्मणफळ द्या, हळदीच्या गोळ्या द्या. बाईंनी यातले प्रत्येक पाकीट आणायला सांगितले आणि कोणालाही न दुखावता उत्तर दिले. शरीरातील प्रत्येक पेशी साखर वापरते. आहारातील साखर तोडली तरी यकृत ती तयार करते, आणि उपाशी राहिल्याने गाठीआधी माणूस खंगतो. केमोबरोबर मिळणाऱ्या डेक्सामेथासोन या स्टिरॉइडमुळे रक्तातील साखर वाढत असेल तर तिची औषधाने काळजी घ्यायची, अन्न तोडून नव्हे. कच्च्या गव्हांकुराचा रस पांढऱ्या पेशी उतरलेल्या असताना देऊ नये, कारण त्यातून जंतू जाण्याची भीती असते. लक्ष्मणफळाने माणसाचा कर्करोग बरा होतो असा पुरावा नाही. स्वयंपाकातील हळद चालेल, पण तिच्या अर्काच्या गोळ्या केमो चालू असताना डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. आणि पांढऱ्या पेशी कमी म्हणून फळे-भाज्या सरसकट बंद करण्याची जुनी पद्धत आता मागे पडली आहे, कारण तिच्यामुळे संसर्ग कमी होतो असे अभ्यासांत दिसले नाही. नीट धुतलेली, सोललेली फळे, शिजवलेले ताजे अन्न, उकळलेले पाणी आणि बाहेरची चटणी-कोशिंबीर टाळणे एवढी स्वच्छता पाळावी. रस सुचवणाऱ्या मावशींचा रागही गेला आणि रसही थांबला.

पाचव्या आठवड्यात मात्र घोट घेणेही आईला असह्य झाले. वजन एका आठवड्यात दीड किलो उतरले. बाईंनी नाकातून पोटात नळी घालण्याचा विषय स्वतःच काढला आणि त्याआधी आईचा हात हातात घेऊन समजावले की ही नळी शेवटाची खूण नाही, तोंडाला मिळालेली सुट्टी आहे. आपल्याकडे नळी म्हटले की माणूस गेलाच असे लोक समजतात, त्यामुळे हे बोलणे फार आवश्यक होते. शेजारच्या टेबलावर नळी घातलेले एक गृहस्थ वर्तमानपत्र वाचत बसले होते, त्यांच्याशी त्यांनी आईची गाठ घालून दिली. आई तयार झाली.

नळीतून अन्न देण्याचे शिक्षण त्यांनी मला स्वतः दिले. दूध, नाचणीच्या मोडाचे पीठ, घोटलेली डाळ आणि थोडे तेल यांचे मिश्रण मलमलच्या कापडातून दोनदा गाळायचे. एका वेळी साधारण २०० मिलिलिटर, दर दोन-अडीच तासांनी, सिरिंज उंच धरून आपोआप उतरू द्यायचे, दट्ट्याने ढकलायचे नाही. रुग्ण बसलेला किंवा पाठीशी उशा देऊन उंच असावा, आणि नंतरही अर्धा तास तसाच ठेवावा, नाहीतर अन्न श्वासनलिकेत जाऊ शकते. आधी आणि नंतर ३० मिलिलिटर कोमट पाणी सोडायचे. गोळ्या अन्नात मिसळायच्या नाहीत. तयार मिश्रण बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवायचे नाही. आणखी एक बाब त्यांनी बजावली, जी घरच्यांना सुचणे अवघड आहे : कित्येक दिवस जवळजवळ काही न खाल्लेल्या माणसाला नळी बसताच भरपूर अन्न देऊ नये. सुरुवात गरजेच्या निम्म्याहून अधिक करू नये आणि रक्तातील फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम पाहत हळूहळू वाढवावे, नाहीतर ही द्रव्ये एकाएकी खाली जाऊन हृदयाला धोका होतो. नारळपाणी रोज द्यावे का, याचेही उत्तर त्यांनी पोटॅशियम आणि क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्तचाचणी) अहवाल पाहूनच दिले.

तोंड उघडण्याचा व्यायामही त्यांनी पाठपुरावा करून करून घेतला, जरी तो खरे तर फिजिओथेरपीचा विषय आहे. आइस्क्रीमच्या काड्यांची चवड दातांत धरायची आणि आठवड्यागणिक एकेक काडी वाढवायची. तोंड उघडले नाही तर चमचा जात नाही, हा त्यांचा साधा युक्तिवाद.

आता उणिवा, आणि त्या लहान नाहीत. पहिली म्हणजे आम्हाला या विभागाकडे कोणी पाठवलेच नाही. शस्त्रक्रियेनंतर घरी जाताना दिलेल्या कागदावर ‘मऊ आहार’ एवढे दोन शब्द होते. आहारतज्ज्ञ आहेत हे मास्क बनवायला गेलो तेव्हा दुसऱ्या रुग्णाच्या मुलीकडून समजले. वजन गेल्यावर पाठवणे ही पद्धत उलटी आहे. तोंडाच्या, घशाच्या, अन्ननलिकेच्या प्रत्येक रुग्णाची नोंद मास्क बनवण्याच्या दिवशीच तेथे व्हायला हवी. दुसरी, विभागाचा छापील तक्ता इंग्रजीत आहे आणि त्यात ओट्स, कस्टर्ड, मॅश्ड पोटॅटो असे पदार्थ आहेत. बाईंना प्रत्येक रुग्णासाठी त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मराठीत हाताने लिहावे लागते, आणि दारात रांग असताना त्या ते लिहीत बसतात. रांगेतील बहुतेक माणसे पश्चिम महाराष्ट्र आणि मराठवाड्यातील खेड्यांतून आलेली असतात. भाकरी, कढण, आंबील, लापशी या नावांनी छापलेला एक कागद करणे रुग्णालयाला अशक्य नाही. तिसरी, रविवारी आणि सुटीच्या दिवशी कोणाचाही दूरध्वनी उचलला जात नाही. आईची नळी एका शनिवारी रात्री अडकली आणि आम्हाला अपघात विभागात जाऊन बसावे लागले, जेथे कोमट पाण्याने ती मोकळी करता येते हे सांगायला बराच वेळ कोणी मोकळे नव्हते.

चौथी उणीव मला सर्वांत गंभीर वाटते. किरणोपचार संपले की या विभागाच्या भेटीही संपतात. प्रत्यक्षात तोंडाची अवस्था शेवटच्या किरणानंतरही एक-दोन आठवडे तशीच राहते, कधी आणखी बिघडते, आणि मगच उतरणीला लागते. म्हणजे रुग्ण घरी, रोज येणे बंद, वेदना शिगेला, आणि विचारायला कोणी नाही. नळी केव्हा काढायची, तोंडाने पहिला घोट कशाचा द्यायचा, लाळ परत न आल्यास कोरडा घास कसा गिळवायचा, हे प्रश्न सारे त्यानंतरचे आहेत. आमच्या बाईंनी स्वतःचा क्रमांक दिला आणि कामाची वेळ सोडूनही उत्तरे दिली, पण तो त्यांचा चांगुलपणा झाला. प्रत्येक रुग्णाला तो मिळेलच असे धरता येत नाही, आणि त्यांच्यावर तो भार टाकणेही योग्य नाही.

ज्यांच्या रुग्णालयात असा विभाग नाही त्यांनी बाहेर आहारतज्ज्ञ शोधताना काही गोष्टी पाहाव्यात. ‘आहारतज्ज्ञ’ अशी पाटी आजवर कोणीही लावीत आला आहे. १९६३ मध्ये स्थापन झालेली इंडियन डायटेटिक असोसिएशन परीक्षा घेऊन नोंदणीकृत आहारतज्ज्ञ ही पात्रता देते, ती आहे का हे विचारावे. २०२१ च्या केंद्रीय कायद्यानेही या व्यवसायाला संलग्न आरोग्यसेवांमध्ये धरले आहे. कर्करोग रुग्णालयात काम केल्याचा अनुभव विचारावा. वजन न करता, अहवाल न पाहता तक्ता देणारे, किंवा शरीरातील विषद्रव्ये काढण्याच्या गोष्टी करणारे असतील तर उठून यावे. रुग्ण लहान मूल असेल तर मुंबईच्या कडल्स फाउंडेशनचे नाव लक्षात ठेवावे. कर्करोगग्रस्त मुलांच्या आहारासाठी ही संस्था सरकारी आणि धर्मादाय रुग्णालयांत आहारतज्ज्ञ आणि पूरक अन्न पुरवते.

आईचे उपचार एकही दिवस न चुकता पूर्ण झाले आणि शेवटच्या सोमवारी वजन ४७ किलोंवर थांबले होते. मास्क एकदाही बदलावा लागला नाही. पहिल्या भेटीला जाताना सहा महिन्यांपूर्वीचे वजन, ताजे रक्ताचे अहवाल, चालू औषधांची आणि घरगुती रसांचीही यादी, आणि आदल्या दोन-तीन दिवसांत रुग्णाने प्रत्यक्षात काय आणि किती खाल्ले याची नोंद बरोबर न्यावी; घरात जो स्वयंपाक करतो त्यालाच सोबत न्यावे. रुग्णालयाला मी पाचपैकी तीन तारे देते. किरणोपचारानंतरच्या महिन्याभरासाठी आठवड्याला एक दूरध्वनी आणि मराठीतला एक छापील कागद एवढे त्यांनी सुरू केले, तर उरलेले दोन तारे द्यायला मला आनंद होईल.